अर्ध्या मिलिमीटरची पट्टी

टॅटू मशीन पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचं लक्ष कॉईलकडे जातं. तांब्याच्या तारेची दोन गुबगुबीत रिळं, त्यांवर काळं वेष्टन, खाली लोखंडाची नाहीतर पितळेची वजनदार फ्रेम. यंत्राचा सगळा जीव तिथंच असणार असं वाटतं. जोर तिथून येतो, हे खरंच आहे. पण मशीन हाताला कसं लागतं, रेघ कशी ओढतं, कातडीला कसं वागवतं, हे ठरवतात वरच्या दोन पोलादी पट्ट्या. प्रत्येकीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि रुंदी साडेबारा मिलिमीटर. या धंद्यात त्यांना स्प्रिंग म्हणतात. गुंडाळीची स्प्रिंग इथं नसतेच, असतात त्या सपाट पट्ट्याच. हातानं मशीन बनवणारे कारागीर सर्वांत जास्त वेळ याच पट्ट्यांवर घालवतात, आणि माझ्या मते तो वेळ सत्कारणी लागतो.

जुनी विजेची घंटा आठवली की कॉईल मशीन समजतं. घंटेत चुंबक हातोडी ओढतो, ओढता ओढता हातोडी स्वतःचाच विजेचा रस्ता तोडते, चुंबक मरतो, हातोडी मागं जाते, रस्ता पुन्हा जुळतो. टॅटू मशीनमध्ये हातोडीच्या जागी आर्मेचर असतं, म्हणजे लोखंडाचा एक चपटा तुकडा. मागची स्प्रिंग त्याला फ्रेमशी जोडते, पुढची त्याच्यावरून वर कॉन्टॅक्ट स्क्रूच्या टोकाला टेकते. वीज क्लिप कॉर्डच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या दोन टोकांच्या वायरच्या, एका टोकातून मागच्या खालच्या टर्मिनलवर येते. हे टर्मिनल फ्रेमपासून वेगळं ठेवलेलं असतं. तिथून ती दोन्ही कॉईलमधून पुढच्या कॉन्टॅक्ट पोस्टपर्यंत जाते, कॉन्टॅक्ट स्क्रूच्या टोकातून पुढच्या स्प्रिंगमध्ये उतरते आणि आर्मेचर, मागची स्प्रिंग, फ्रेम असा रस्ता धरून कॉर्डच्या दुसऱ्या टोकानं परत जाते. वाट पुरी झाली की दोन्ही कॉईलचे गाभे चुंबक होतात, आर्मेचर खाली खेचलं जातं आणि त्याच्या पुढच्या टोकाला अडकवलेली सुई खाली जाते. पुढची स्प्रिंग आधी स्क्रूवर थोडी दबलेली असते, त्यामुळे ती लगेच सुटत नाही, जरा अंतर साथ देते आणि मग सुटते. वीज तुटते. मागची स्प्रिंग आर्मेचरला वर फेकते, पुढची स्प्रिंग स्क्रूवर आदळून तो वेग झेलते आणि परतवते. हे सगळं सेकंदाला शंभरएक वेळा घडतं. एका फेरीला साधारण दहा मिलिसेकंद.

या दहा मिलिसेकंदांत वीज जितका वेळ जोडलेली असते त्याचं प्रमाण, म्हणजे ड्युटी, आणि सेकंदातल्या फेऱ्या, या दोन आकड्यांत मशीनचा स्वभाव येतो. रेघ ओढणाऱ्या लायनरची ड्युटी निम्म्याच्या आसपास आणि फेऱ्या ११० ते १३० ठेवतात. छटा भरणाऱ्या शेडरची ड्युटी थोडी जास्त, फेऱ्या ९० ते ११०. आकडे पक्के नाहीत, प्रत्येक कारागिराचे आपले असतात. पण दिशा हीच. रेघेला चपळ टोचणी हवी, म्हणजे हात पुढं सरकताना ठिपके सुटे दिसत नाहीत. छटेला जास्त सुयांचा गट कातडीत उतरवायचा असतो, त्याला वेगापेक्षा रेटा लागतो.

कॉईल गुंडाळणं हे चिकाटीचं काम आहे, पण अवघड नाही. गाभा नरम, कमी कार्बनच्या लोखंडाचा घ्यायचा, ८ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ३२ मिलिमीटर लांब. कडक पोलाद घेतलं तर वीज तुटल्यावरही त्यात थोडं चुंबकत्व उरतं, आर्मेचर गाभ्याला रेंगाळून चिकटतं आणि मशीन जड, आळशी चालतं. गाभ्याच्या दोन्ही टोकांना फायबरच्या चकत्या, मधल्या लोखंडावर इन्सुलेशनचा एक पातळ थर, आणि त्यावर २४ गेजची एनॅमल चढवलेली तांब्याची तार. तार अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे एका थरात पन्नासच्या आसपास वेढे बसतात. लायनरला आठ थर, शेडरला दहा, असा रिवाज आहे. थर नेहमी समसंख्येत असतात, त्याचं कारण साधं आहे. एक थर वरून खाली, दुसरा खालून वर, असं करत गेल्यावर तारेची दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात आणि जोडणी खालच्या बाजूला लपते. नऊ थर केले तर एक टोक आर्मेचरच्या शेजारी, नको तिथं लोंबत राहतं.

आठ थरांच्या कॉईलमध्ये सुमारे चारशे वेढे आणि सोळाएक मीटर तार जाते. एका कॉईलचा रोध दीड ओहमच्या आत-बाहेर भरतो, जोडीचा तीनच्या जरा खाली. दोन्ही कॉईल मल्टिमीटरवर जवळपास सारख्या भरल्या पाहिजेत. एक १.४ आणि दुसरी १.१ दाखवत असेल, तर दुसरीत कुठंतरी एनॅमल खरवडून वेढे आपसांत जुळलेत, किंवा मोजणी चुकून वेढे कमी पडलेत. पहिल्या प्रकारची कॉईल तापते आणि ओढते कमी. तारेचं टोक आणि गाभा यांच्यामध्ये मीटरनं काहीच दाखवता कामा नये. हे तपासायचं ते वेष्टन चढवण्याआधी, नंतर सगळं उलगडावं लागतं.

आता दिशेचा मुद्दा. दोन्ही कॉईल एकाच दिशेनं गुंडाळल्या असतील, तर पहिलीची सुरुवात दुसरीच्या सुरुवातीला जोडायची. मग एकीतली वीज दुसरीच्या उलट फिरते, एका गाभ्याच्या माथ्याला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याच्या माथ्याला दक्षिण ध्रुव येतो, आणि चुंबकीय वाट आर्मेचरमधून पुरी होते. सुरुवात शेवटाला जोडली तर दोन्ही माथ्यांना एकच ध्रुव येतो, मशीन कसंबसं थरथरतं. नवशिके मग व्होल्टेज वाढवतात, कॉईल तापतात, थरथर तेवढीच. माथ्यांवर होकायंत्र धरलं की एका मिनिटात उलगडा होतो. ही वाट खालूनही बंद व्हावी लागते. लोखंडी फ्रेम असेल तर तिचा तळच ते काम करतो. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चुंबकाला उपयोगाची नाही, म्हणून कॉईलखाली लोखंडाची एक जाड पट्टी टाकावी लागते. तिला योक म्हणतात. ती विसरलेली सुंदर पितळी मशीनं शोभेचीच ठरतात.

फ्रेम ओतीव असो, पट्ट्या कापून वेल्ड केलेली असो, तिच्यात जपायची गोष्ट एकच, ती म्हणजे सरळ रेषा. आर्मेचरच्या पुढच्या टोकाला असलेली खुंटी, जिच्यात सुईच्या दांड्याचं वेटोळं अडकतं, आणि खालच्या ट्यूबच्या, म्हणजे सुई जिच्यातून वरखाली होते त्या नळीच्या, पकडीचं केंद्र एका ओळंब्यात हवं. इथं एक मिलिमीटर जरी चुकला तरी दांडा तिरका उतरतो, ट्यूबच्या कडेला घासतो, सुई टोचण्याऐवजी कातडी ओरबाडते. मग रबर बँड वाढवून दांडा सरळ करायची खटपट होते. एखाद-दुसरा रबर बँड दांड्याला ट्यूबच्या मागच्या अंगाला टेकवून ठेवायला हवाच असतो. चार लावले की आर्मेचरची निम्मी ताकद रबराशी झगडण्यात जाते.

कॉईल बसवताना मागची कॉईल पुढचीपेक्षा किंचित खाली ठेवतात, जाड कागदाएवढीच. आर्मेचर पुढच्या गाभ्यावर सपाट टेकलं पाहिजे आणि मागच्यावर आपटता कामा नये. उंची जुळवायला कॉईलखाली पातळ लोखंडी चकत्या घालतात. पितळेच्या घातल्या तर पुन्हा चुंबकाच्या वाटेत अडथळा.

आता पट्ट्या. पत्रा निळसर झाक असलेला, आधीच पाणी दिलेला, म्हणजे तापवून थंड करून कडक केलेला, कार्बन स्प्रिंग स्टीलचा. पुढच्या स्प्रिंगला बहुधा ०.४१ मिलिमीटर, मागच्या स्प्रिंगला ०.४६. फरक अर्ध्या दशांश मिलिमीटरचा, बोटांना कळतही नाही. पण सपाट पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.४१ चे ०.४६ केले की पट्टी चाळीसेक टक्के ताठ होते. लांबीचंही तसंच, फक्त उलटं. वाकणारा भाग एक दशांशानं आखूड केला तर ताठरपणा सदतीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून स्प्रिंग मोजताना पट्टीची एकूण लांबी मोजून भागत नाही. मागच्या स्प्रिंगची मोकळी लांबी, म्हणजे ती जिथं पक्की केलेली असते तो फ्रेमचा ओटा जिथं संपतो तिथपासून आर्मेचर जिथं सुरू होतं तिथपर्यंतची, तीच मोजायची. स्क्रू सैल करून आर्मेचर अर्धा मिलिमीटर मागंपुढं सरकवलं तरी मशीनचा आवाज बदलतो. हा बदल ज्याच्या कानाला कळतो त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

पट्टी कापायची ती पत्र्यावर लाटणीच्या रेषा ज्या दिशेला असतील त्या दिशेला लांबी ठेवून. आडवी कापलेली पट्टी लवकर तडकते. कात्रीनं कापलेल्या कडेला बारीक दातेरी कूस उभी राहते, आणि पुढं तडा सुरू होतो तो नेमका त्या दाताच्या मुळाशी. त्यामुळे कडा कानशीनं लांबीच्या दिशेनं घासायच्या, मग ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरनं त्याच दिशेनं गुळगुळीत करायच्या. आडव्या हातानं घासलं तर प्रत्येक ओरखडा हा पुढच्या तड्याची खूण असतो. सेकंदाला शंभर म्हणजे तासाला तीन लाख साठ हजार वेळा ही पट्टी वाकते. एवढ्या वेळा वाकताना धातू कुठलीही चूक पोटात घालत नाही.

भोक पाडणं हे त्याहून किचकट. पाणी दिलेल्या पत्र्यावर साधं ड्रिल घसरतं आणि तापतं. पट्टी दोन जाड लोखंडी तुकड्यांमध्ये पक्की आवळून, तिन्ही एकत्र, कमी वेगानं आणि तेल टाकत भोकायची, म्हणजे कडा फाटत नाहीत. भोकाभोवतीचा निळा रंग उडून राखाडी झाला, तर तिथलं पाणी उतरलंय असं समजायचं. ती पट्टी बाजूला टाकायची, कारण मऊ पडलेली पट्टी एकदा वाकली की वाकलेलीच राहते.

पुढची स्प्रिंग वर वळवायची, तीस ते पंचेचाळीस अंशांत. व्हाइसच्या धारदार कडेवर धरून मोडल्यासारखी वळवली तर ती तिथंच तुटणार. सळईसारख्या गोल गोष्टीवर, तीनएक मिलिमीटर त्रिज्या ठेवून, अंगठ्यानं हळूहळू दाबत नेली की वाक सुबक येतो. मागच्या स्प्रिंगचा वाक डोळ्यांनी जेमतेम दिसेल एवढा असतो, आर्मेचरला वर उचलून धरण्यापुरता. काही कारागीर पुढची-मागची मिळून एकच अखंड पट्टी वापरतात. ती नीट जमली तर मशीन फार गोड चालतं, पण एकीचा ताण बदलायला गेलं की दुसरीचाही बदलतो. शिकणाऱ्यानं दोन वेगळ्या पट्ट्यांपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

मग येते फट. आर्मेचर बोटानं दाबून पुढच्या गाभ्याला टेकवायचं आणि त्या अवस्थेत पुढची स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट स्क्रू यांच्यातलं अंतर बघायचं. लायनरला सुमारे १.३५ मिलिमीटर, शेडरला दोनच्या जवळ. अमेरिकेतले जुने कारागीर यासाठी खिशातली नाणी सरकवायचे. डाइम १.३५ मिलिमीटर जाड, निकेल १.९५. फट कमी केली तर फेऱ्या वाढतात आणि टोचणी आखूड होते. वाढवली तर आर्मेचरला धावायला जागा मिळते, वेग घेऊन ते जोरात आदळतं, फेऱ्या कमी होतात. फट मोठी करून वेगही राखायचा असेल तर मागची स्प्रिंग ताठ हवी किंवा आर्मेचर हलकं हवं. इथं एक गोष्ट बदलली की दुसऱ्या दोन सरकतात. त्यामुळे एका वेळी एकच बदल करायचा, चालवून ऐकायचं, वहीत टिपायचं. स्क्रूही फिरवला, स्प्रिंगही वाकवली आणि व्होल्टेजही वाढवलं, तर नेमकं कशानं सुधारलं हे कळायला मार्ग राहत नाही.

कॉन्टॅक्ट स्क्रू पितळेचा चालतो, चांदीचा उत्तम. दर वेळी वीज तुटताना कॉईल आपल्यात साठलेली ऊर्जा सोडते आणि ठिणगी होऊन ती स्क्रूच्या टोकावर पडते. ती शोषून घ्यायला कॉईलला समांतर एक कपॅसिटर लावतात, लायनरला २२ मायक्रोफॅरडच्या आसपास, शेडरला ४७, आणि व्होल्टेजची क्षमता ३५ किंवा वर. कपॅसिटर नसेल किंवा मेला असेल तर निळी, टपोरी ठिणगी दिसते, टोक खड्ड्यांनी भरतं, थोड्या दिवसांत मशीन अडखळू लागतं. उलट फार मोठा लावला तर वीज तुटल्यावरही तो कॉईलला पुरवठा करत राहतो, चुंबक सावकाश मरतो आणि मशीन मंदावतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला धन-ऋण बाजू असते. क्लिप कॉर्ड मात्र कशीही उलटसुलट लागते. उलटी लागली की कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. कॉर्डवर आणि फ्रेमवर रंगाची एकेक खूण करून ठेवली की हा प्रश्न मिटतो.

मशीन बिघडलं की काय बिघडलंय हे बहुतेक वेळा ते स्वतःच सांगतं. वीज दिल्याबरोबर आर्मेचर खाली बसलं आणि तिथंच चिकटलं, आवाज नाही, कॉईल तापताहेत, तर कॉन्टॅक्ट पोस्टभोवतीची नायलॉनची चकती फाटून पोस्ट फ्रेमला लागलेली असते. विजेला आडवाट मिळालेली असल्यामुळे स्प्रिंग सुटली तरी चुंबक सुटत नाही. स्प्रिंग आणि स्क्रूमध्ये कागद घालून मीटर लावला की ही आडवाट सापडते. आर्मेचर हललंच नाही आणि पुरवठ्याच्या डब्यानं ओव्हरलोड दाखवलं, तर मागचं टर्मिनल फ्रेमला टेकलंय. बोटानं टिचकी मारल्यावरच चालू होत असेल तर स्क्रूचं टोक काळवंडलंय, बारीक पेपरनं घासून बघायचं. एका सुरातल्या गुणगुणीच्या मागं दुसरी खरखर ऐकू येत असेल, तर पुढची स्प्रिंग फार पातळ किंवा फार लांब आहे आणि स्क्रूवर एकदा टेकण्याऐवजी दोनदा उडते. खुंटीवरचं ग्रोमेट, म्हणजे रबरी बोळं, सैल झालं असेल तर आवाज ठकठक असा येतो आणि सुई दोन्ही बाजूंना डुलते. यातल्या एकाही दुखण्यावर व्होल्टेज वाढवणं हा इलाज नाही. चांगलं जुळलेलं मशीन सात ते नऊ व्होल्टमध्ये आपलं काम करतं, त्याला बारा लागत असतील तर कुठंतरी ताकद वाया जातेय.

कॉईलवर इतकं लिहिलं, पण विजेवर गोंदण्याची सुरुवात फिरत्या चाकानं झाली. एडिसननं १८७६ मध्ये विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. ती कागदावर बारीक भोकं पाडून स्टेन्सिल बनवायची, म्हणजे एका मजकुराच्या अनेक प्रती काढता येत. माथ्यावरच्या छोट्या मोटरचा कॅम, म्हणजे केंद्रापासून सरकवलेली फिरती चकती, सुई वरखाली करायचा. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीनं १८९१ मध्ये त्याच तत्त्वावर गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं, त्यात शाईची सोय आणि नळी होती. घंटेसारख्या दोन कॉईलचं यंत्र त्यानंतरचं. लंडनच्या आल्फ्रेड साउथचं पेटंट १८९९ चं, न्यूयॉर्कच्या चार्ली वॅग्नरचं १९०४ चं. आज आपण जिला साधी कॉईल मशीनची फ्रेम म्हणतो ती ठेवण पर्सी वॉटर्सच्या १९२९ च्या पेटंटात स्पष्ट दिसते. त्या फ्रेमला शंभर वर्षं होत आली आणि मूळ मांडणी अजून तीच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोटरवर चालणाऱ्या रोटरी मशीनमध्ये स्प्रिंगचं राज्य संपतं आणि कॅमचं सुरू होतं. मोटरच्या दांड्यावर एक चकती, तिच्या केंद्रापासून जरा बाजूला एक खुंटी किंवा बेअरिंग. केंद्रापासूनचं अंतर जेवढं, त्याच्या दुप्पट सुईची धाव. १.७५ मिलिमीटर अंतर म्हणजे ३.५ मिलिमीटर धाव, आणि ही सर्व कामांना चालणारी धाव मानतात. मऊ छटेसाठी अडीच-तीन, ठसठशीत रेघेसाठी चार. लेथवर भोक पाडताना एक दशांश मिलिमीटर चुकलं तर धावेत दोन दशांशांचा फरक पडतो, म्हणून भोकाचं केंद्र आखून, खूण ठोकून, मोजूनच ड्रिल लावायचं. मोटर मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर सुई सेकंदाला १२० वेळा टोचते. हिशेब साधा आहे. अवघड भाग मोटर निवडण्याचा.

मोकळी फिरताना मोटर सांगितलेला वेग देते. सुई कातडीत शिरली की वेग पडतो. जिचा मोकळा वेग बारा व्होल्टला १२,००० फेऱ्यांच्या आसपास आहे अशी मोटर सात-आठ व्होल्टवर चालवली की हवा तो वेगही मिळतो आणि हाताशी थोडी ताकद शिल्लक राहते. लोखंडी गाभ्याची स्वस्त मोटर हळू वेगात अडखळते. गाभा नसलेली, म्हणजे कोरलेस मोटर झटकन वेग घेते आणि गुळगुळीत फिरते, पण अडकून बसली तर फार लवकर जळते. कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिची नळी एकत्र असलेला बदलता तुकडा, वापरायचं असेल तर आणखी एक ओझं येतं. शाई आणि रक्त मागं मशीनमध्ये जाऊ नये म्हणून चांगल्या कार्ट्रिजमध्ये रबरी पडदा असतो, आणि सुई परत खेचण्याचं कामही त्याचंच. मोटरला दर फेरीला त्या रबराला ताणावं लागतं. पडदा नसलेलं कार्ट्रिज हलकं चालतं, आणि तेवढ्यासाठी ते घेणं ही अक्षम्य चूक आहे.

कॅमच्या खुंटीवर सुईच्या दांड्याचं वेटोळं थेट अडकवलं तर मशीन बनवायला सोपं, पण दांड्याचं वरचं टोक वरखाली जाताना डावी-उजवीकडेही तेवढंच फिरतं. खालचं टोक ट्यूबनं धरलेलं असलं तरी ही डुलणी ट्यूबची कड झिजवते. स्लायडर हा त्यावरचा उपाय. आडव्या खाचेत बेअरिंग फिरतं, खाच असलेला ठोकळा मार्गदर्शक दांड्यांवर फक्त सरळ वरखाली सरकतो. खाच आणि बेअरिंग यांच्यात ढील राहिली तर प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना टकटक होते, आणि ढील अजिबात नसेल तर तापून जाम होतं. डेलरिन या कडक प्लास्टिकचा ठोकळा आणि वंगणाचा एक थेंब यांवर हे छान निभावतं. कॅमच्या जड बाजूसमोर थोडं वजन ठेवलं नाही तर सगळी थरथर कारागिराच्या बोटांत उतरते. दिवसभर काम केलेल्या बोटांना ती कळते, रात्री.

दोन्ही जातींतला खरा फरक आहे तो नमतेपणाचा. कॉईलची सुई आर्मेचरचा वेग संपेपर्यंत जाते. वाटेत कातडी घट्ट लागली, खाली हाड आलं, तर ती थोडी आधी थांबते. रोटरीची सुई कॅमनं बांधलेली असते. ३.५ मिलिमीटर म्हणजे ३.५, समोर काहीही असो, आणि शंभर फेऱ्यांना मधल्या टप्प्यात तिचा वेग सेकंदाला १.१ मीटर भरतो. कॅम आणि सुई यांच्यामध्ये छोटी स्प्रिंग किंवा रबर घालून हा हट्ट मऊ करता येतो. छटेच्या कामात हा नमतेपणा उपकारक. घट्ट भरीव रंगात तो आडवा येतो, कारण रंग बसायच्या आतच सुई माघार घेते. मशीनची धाव आणि सुईची खोली यांत मात्र गल्लत करू नये. धाव ३.५ असली तरी कातडीत सुई उतरवायची ती दीड ते दोन मिलिमीटर, वरच्या पातळ थराखालच्या जिवंत थरात. वर राहिली तर रंग सालीबरोबर निघून जातो, खाली गेली तर पसरून रेघेभोवती निळसर धूर उठतो.

हवेच्या दाबावर चालणारी मशीनंही आहेत. दाबलेली हवा आतली पट्टी किंवा दट्ट्या हलवते. विजेचे भाग नसल्यामुळे काही मशीनं अख्खी निर्जंतुक करता येतात, पण कॉम्प्रेसर आणि नळ्या यांचं लोढणं पायात राहतं. घरगुती कारागिराच्या वाट्याला ती क्वचित येतात.

खेळण्याची मोटर, पेनाची नळी आणि गिटारची तार यांचं जे मशीन बनतं, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तत्त्व म्हणून ते रोटरीच आहे, आणि ते फिरवून बघण्यात शिकण्यासारखं बरंच काही आहे, पण केळ्याच्या सालीवर. माणसाच्या अंगावर नाही. गिटारच्या तारेचं टोक घासून केलेली सुई सरळ नसते, गंजते, आणि ती कातडीला छिद्र पाडत नाही, फाडते. पेनाच्या नळीला आतून साफ करता येत नाही. वाळलेल्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू निदान सात दिवस तग धरतो, डोळ्यांना तिथं काहीही दिसत नसलं तरी. सुई नेहमी कारखान्यात निर्जंतुक होऊन बंद पाकिटात आलेलीच घ्यायची आणि एका माणसानंतर फेकायची. स्टीलची ट्यूब आधी ब्रशनं आणि अल्ट्रासॉनिक भांड्यात स्वच्छ करून मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांना किमान पंधरा मिनिटं. मळ राहिला तर वाफ त्याच्या खाली पोचत नाही, म्हणून धुणं आधी. मशीनला स्वतःला ही उष्णता सोसत नाही, त्यावर प्रत्येक वेळी नवी पिशवी आणि कॉर्डवर नवं वेष्टन. हातानं मशीन बनवणाऱ्यानं फ्रेमवर खोल नक्षी कोरताना याचाही विचार करावा. खाचेत बसलेला थेंब पुसायला कापड पोचत नाही.

नवं कॉईल मशीन तयार झालं की सुई न लावता तासभर चालवायचं. या पहिल्या तासात पट्ट्या बसतात, फट थोडी सरकते, स्क्रू सैल होतात. मग बंद करून सगळं पुन्हा आवळायचं, फट पुन्हा मोजायची आणि कॉन्टॅक्ट स्क्रू काढून त्याचं टोक भिंगाखाली धरायचं. चांदीवर एक काळसर डाग पडलेला असतो. तो मधोमध आणि गोल असेल तर स्प्रिंग सपाट टेकतेय. कडेला चंद्रकोरीसारखा असेल तर पट्टीचा वाक एका अंगाला झुकलाय, मशीन आज कितीही छान वाजत असलं तरी पट्टीची तीच कड आधी तडकणार. अशा वेळी आर्मेचरवरचा स्क्रू पाव फेरा सैल करायचा, पुढची स्प्रिंग केसभर फिरवायची, स्क्रूचं टोक पेपरवर घासून पांढरं करायचं आणि पुन्हा तासभर चालवायचं.